खसखशीएवढं अक्षर

शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना पंचा चार घड्या करून पसरते. पंचा अशासाठी, की नाणं बोटांतून निसटलं तरी त्याला मार लागू नये. टेबललॅम्प वाकवून अगदी खाली आणते, मोठा दिवा घालवते आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावते. मग एकेक नाणं कडेला धरून उचलायचं, उलटं करायचं आणि त्यावर एक अक्षर शोधायचं. गेली नऊ-दहा वर्षं हे चाललंय. घरच्यांना सवय झाली आहे. त्या तासाभरात मला कुणी हाक मारत नाही.

आम्ही राहतो कॅलिफोर्नियात, फॉल्समला. इथल्या एका नाण्यांच्या दुकानात काउंटरखाली पत्र्याचा ट्रे असतो. त्यात झिजलेली, काळवंडलेली, कुणी हौसेनं विकत न घेतलेली जुनी चांदीची नाणी. आपल्याकडचा सराफ जिला मोड म्हणेल, तशी ही मोड. १९६४ पर्यंतचे दहा सेंटचे डाइम, पाव डॉलरचे क्वार्टर आणि हाफ डॉलर, सगळे नव्वद टक्के चांदीचे. भाव नाण्याचा नाही, चांदीचा. जे कुणी उचलत नाही ते यथावकाश गाळायला जातं. म्हातारे दुकानदार मला स्टूल देतात आणि ट्रे पुढे सरकवतात. तिथं निवडून आणलेली मूठभर नाणी म्हणजे माझा शुक्रवार.

डाइमपासून सुरुवात केलेली बरी, कारण तिथं डोळ्याची खरी परीक्षा असते. १९१६ ते १९४५ या काळातला डाइम आपल्या जुन्या दहा पैशांहूनही लहान आणि पातळ, वजन अडीच ग्रॅम. एका बाजूला पंख लावलेली टोपी घातलेली स्वातंत्र्यदेवी. लोकांना ती मर्क्युरी देव वाटली आणि नाण्याला तेच नाव चिकटलं. दुसऱ्या बाजूला काठ्यांची बांधलेली मोळी आणि कुऱ्हाड. मोळीच्या बुंध्याशी, डाव्या हाताला, ‘वन’ या इंग्रजी शब्दातल्या शेवटच्या ‘ई’च्या शेजारी, खसखशीच्या दाण्याएवढं एक अक्षर असतं. किंवा नसतं. ‘डी’ असेल तर नाणं डेन्व्हरच्या टांकसाळीत पडलेलं, ‘एस’ असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या. काहीच नसेल तर फिलाडेल्फियाच्या.

झिजलेल्या डाइमवर हे अक्षर थेट दिसत नाही. आधी त्याची सावली दिसते. नाणं दिव्याखाली सावकाश फिरवत राहायचं. उजेड एका ठरावीक कोनात तिरका आला की सपाट वाटणाऱ्या जागेवर एक काळी रेघ उमटते, आणखी केसभर फिरवलं की ती रेघ वळते आणि ‘एस’ होते. आणखी थोडं फिरवलं की पुन्हा काही नाही. त्या एका क्षणासाठी मी श्वास रोखून बसते, हे मला पहिल्यांदा माझ्या मुलीनं सांगितलं.

प्रत्येक नाण्यानं अक्षर लपवायची जागा वेगळी निवडलेली आहे. वॉशिंग्टनच्या जुन्या क्वार्टरवर ते गरुडाच्या खालच्या पानांच्या खाली. त्याच्या आधीच्या, उभ्या देवीच्या क्वार्टरवर चक्क पुढच्या बाजूला, सालाच्या डावीकडे. फ्रँकलिनच्या हाफ डॉलरवर घंटा ज्या लाकडी आडव्यातून टांगली आहे, त्याच्या वर. चालत्या देवीचा हाफ डॉलर तर नवख्याला चकवतोच: १९१६ मध्ये अक्षर पुढच्या बाजूला, १९१७ मध्ये काही नाण्यांवर पुढे आणि काहींवर मागे, त्यानंतर कायमचं मागे. हे पाठ करावं लागत नाही. पन्नासेक नाणी हाताखालून गेली की नजर आपोआप तिथंच जाते, जसं घरच्या भाजीतलं मीठ कमी आहे हे वासावरून कळतं.

हे अक्षर कशासाठी, हा प्रश्न मला उशिरा पडला. आधी वाटायचं, गावाचा अभिमान असेल. तसं नव्हतं. अमेरिकेची टांकसाळ १७९२ च्या कायद्यानं फिलाडेल्फियात सुरू झाली. १८३५ मध्ये आणखी तीन शाखा मंजूर झाल्या, शार्लट, डालोनेगा आणि न्यू ऑर्लिन्स, आणि १८३८ पासून त्यांची नाणी बाहेर पडू लागली. आता चार ठिकाणी एकाच तोंडवळ्याची नाणी पडणार. वजनात गुंजभर कमी भरलं किंवा चांदीचा कस उतरला, तर जाब कुणाला विचारायचा? म्हणून शाखांच्या नाण्यांवर अक्षर आलं. दरवर्षी सगळीकडची नमुन्याची नाणी बाजूला काढून ती तोलायला आणि कसाला लावायला एक तपासणी मंडळ बसायचं; ही प्रथा थेट १९८० पर्यंत चालली. ते अक्षर म्हणजे टांकसाळीनं घातलेली सही होती. नाण्यात खोट निघाली तर ती आमच्या माथी, असं सांगणारी.

फिलाडेल्फियानं मात्र सही केली नाही. थोरल्या घराला नाव सांगायची गरज वाटली नसावी. जवळपास दीडशे वर्षं ‘अक्षर नाही म्हणजे फिलाडेल्फिया’ हाच नियम होता. पहिल्यांदा ‘पी’ उमटला तो १९४२ मध्ये, युद्धात निकेल वाचवण्यासाठी पाच सेंटच्या नाण्यात पस्तीस टक्के चांदी घातली तेव्हा. त्या नाण्यांवर मागच्या बाजूला कोरलेल्या इमारतीच्या घुमटाच्या डोक्यावर भलंमोठं अक्षर आहे, पुढेमागे चांदीची नाणी वेगळी काढायची वेळ आली तर लांबूनही ओळखता यावीत म्हणून.

आपल्याकडेही हेच आहे, हे ध्यानात आलं तेव्हा मी मोठ्यानं हसले होते. आजच्या आपल्या नाण्यावर सालाखाली बघा. चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. तिथंही थोरलं घर सही करत नाही.

अक्षरांमागची गावं एकेक करून मला प्रिय झाली. न्यू ऑर्लिन्सचा ‘ओ’ घ्या. १८६१ सालचा ‘ओ’ असलेला हाफ डॉलर माझ्याकडे आहे, अगदी गुळगुळीत, देवीचा चेहरा पुसून गेलेला. त्या वर्षी न्यू ऑर्लिन्सला तशी पंचवीस लाखांवर नाणी पडली, पण ती पाडणारी सरकारं तीन होती: सुरुवातीला अमेरिकेचं, मग फुटून निघालेल्या लुइझियाना राज्याचं आणि शेवटी दक्षिणेच्या बंडखोर संघराज्याचं. ठसे तेच, यंत्रं तीच, नाण्यावर नाव अजूनही संयुक्त संस्थानांचंच. माझ्या हातातलं नाणं कुणाच्या अमलाखाली पडलं ते त्या ‘ओ’वरून समजत नाही. जागा तेवढी समजते.

डालोनेगाचा ‘डी’ सोन्याच्या नाण्यांवरच राहिला आणि यादवी युद्धात ती टांकसाळ बंद पडली. पंचेचाळीस वर्षांनी, १९०६ मध्ये, तेच अक्षर डेन्व्हरला मिळालं. शार्लटचा ‘सी’ही असाच युद्धात विझला. पुढे नेव्हाडात कार्सन सिटीला टांकसाळ आली तेव्हा एकट्या ‘सी’ऐवजी ‘सीसी’ कोरलं गेलं. अमेरिकी नाण्यांवरची दोन अक्षरांची ही एकुलती एक खूण.

कार्सन सिटी आमच्यापासून दोन-अडीच तासांवर. हायवे पन्नासनं सिएरा पर्वत चढायचा, टाहो तळ्याच्या काठानं जायचं आणि पलीकडे उतरायचं. उतरताना झाडी विरळ होत जाते आणि बघता बघता सगळं उजाड, पिवळट, माणदेशासारखं. १८५९ मध्ये तिथल्या व्हर्जिनिया सिटीच्या डोंगरात कॉमस्टॉक नावाची चांदीची अफाट शीर सापडली. चांदी डोंगर ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला न्यायची म्हणजे खर्च आणि वाटमारीचं भय, म्हणून खाणीच्या पायथ्याशीच टांकसाळ मागितली गेली. १८७० मध्ये ती सुरू झाली. वाळूच्या दगडाची ती इमारत अजून उभी आहे, आता ते नेव्हाडाचं राज्य संग्रहालय आहे.

आत ‘नंबर १’चा छापखाना आहे. नाणी पाडायच्या यंत्राला इथले लोक प्रेस म्हणतात, मी मनात छापखानाच म्हणते. काळाकभिन्न, माणसाहून उंच, आणि चालू. अजूनही त्यावर स्मरणिका म्हणून चांदीची पदकं पाडतात. मी गेले त्या दिवशी चालवणारे गृहस्थ सत्तरीचे असतील. त्यांनी चांदीची कोरी चकती ठेवली, दांडा ओढला, एक जड, दबका आवाज झाला, जमिनीतून पायाला कळला, आणि पदक बाहेर आलं. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं. ते कोमट होतं. चांदीवर एवढा दाब पडला की ती तापते हे मी वाचलेलं होतं, पण तळव्याला कळलं ती गोष्ट वेगळीच. त्या चकतीवरही ‘सीसी’ होतं.

ही टांकसाळ फार जगली नाही. १८८५ ते १८८९ मध्ये बंद, मग थोडी वर्षं चालू, आणि १८९३ नंतर तिथं नाणं पडलं नाही. पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त धरून ठेवते. सगळ्या शाखांचे ठसे फिलाडेल्फियातच तयार व्हायचे आणि त्यावर त्या त्या गावाचं अक्षर हातानं, पंच ठेवून हातोडीनं ठोकलं जायचं. कार्सन सिटीचे न वापरलेले ठसे परत आले. पोलाद चांगलं होतं, टाकवेना. मग ‘सीसी’वर ‘ओ’ ठोकून ते न्यू ऑर्लिन्सला धाडले. म्हणून १९०० सालच्या न्यू ऑर्लिन्सच्या काही डॉलरांवर ‘ओ’च्या आतबाहेर दोन ‘सी’च्या कमानी दिसतात. हे नाणं मी एकदाच हातात घेतलं आहे, दुसऱ्याच्या मालकीचं. भिंगाखाली पाहिलं तर गोल ‘ओ’, आणि त्याच्या मागून पाण्यात बुडालेल्या देवळाच्या कळसासारखे दोन बाक. कुणी कारागिरानं ते घासून नाहीसं करायचा प्रयत्न केला असेल, मग पुरे म्हणून सोडलं असेल. त्याचं नाव कुठंही नाही. त्याचा अपुरा राहिलेला हात मात्र सव्वाशे वर्षांनी मला दिसला.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण त्याशिवाय शेवटचं सांगता येणार नाही.

दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. ट्रेमध्ये मला बसलेल्या देवीचं एक क्वार्टर सापडलं, १८७६ सालचं. मागची बाजू पुरती काळी. गरुडाच्या पायाखाली काहीतरी आहे एवढं जाणवत होतं, अक्षर लागत नव्हतं. दिवाळी चार दिवसांवर होती. ओट्यावर निरांजन, समई, चांदीची वाटी उजळायला काढली होती, बशीत रांगोळी आणि लिंबाची फोड होती. आईनं शिकवलेलं, आजीनं आईला शिकवलेलं: सणाआधी चांदी लख्ख झाली पाहिजे, काळी चांदी देवापुढे ठेवायची नाही. मी त्याच ओल्या चिमटीनं ते क्वार्टर घेतलं आणि अंगठ्यानं गोल गोल चोळलं. काळं पाणी सुटलं. नळाखाली धरलं तर आरशासारखं पांढरं नाणं, आणि गरुडाखाली स्पष्ट दोन अक्षरं, ‘सीसी’. मला त्या क्षणी झालेला आनंद अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात घेऊन गेले. दुकानदारांनी ते दिव्याखाली धरलं, एकदा फिरवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भिंग माझ्या हातात दिलं. सबंध सपाट भागावर बारीक गोल ओरखडे, हजारो, पिठाच्या जात्यावर असतात तसे. रांगोळीचा दगड आणि चांदी; दुसरं काय होणार. ते एवढंच म्हणाले, की चांदीवरचा काळा थर म्हणजे घाण नव्हे, ती तिची कातडी असते. ती यायला शंभरावर वर्षं लागली होती. परत येणार नाही.

१८७६ चं ‘सीसी’ क्वार्टर दुर्मीळ नाही, चाळीस लाखांवर पाडली गेली होती. पैशाचं दुःख मला झालं नाही. ज्या हातांनी मी घरातली चांदी मायेनं उजळते, त्याच मायेनं मी हे नाणं सोललं, याचं झालं. तेव्हापासून नाणं मी पुसतही नाही. अक्षर दिसलं तर दिसलं. ते क्वार्टर अजून माझ्याकडे आहे. विकायला काढलं नाही.

१९६५ मध्ये डाइम आणि क्वार्टरमधली चांदी संपली. नाण्यांची टंचाई होती, लोक चांदीची नाणी दडवून ठेवत होते, आणि ठपका आला संग्राहकांवर. म्हणून १९६५, ६६ आणि ६७ या तीन वर्षांत कुठल्याच टांकसाळीचं अक्षर नाण्यांवर घातलं नाही. तेव्हा टांकसाळींच्या प्रमुख होत्या ईव्हा ॲडम्स, मूळच्या नेव्हाडाच्याच. त्यांचा इलाज समजू शकते. पण त्या तीन वर्षांची नाणी हातात आली, की चेहरा आहे आणि नाव सांगत नाही, अशा माणसासमोर बसल्यासारखं वाटतं.

आणि आता तो डॉलर.

मोठा चांदीचा डॉलर, इथं ज्याला त्याच्या कोरणाऱ्याच्या, जॉर्ज मॉर्गनच्या नावानं ओळखतात. २६.७३ ग्रॅम, हातात घेतला की मन भरतं. त्याचं अक्षर मागच्या बाजूला, पानांच्या तोरणाच्या गाठीखाली, ‘डॉलर’ शब्दातल्या डी आणि ओ यांच्या वर. माझ्याकडे आहे तो १९२१ चा, ‘डी’, म्हणजे डेन्व्हरचा. संग्राहक याला हात लावत नाहीत, कारण १९२१ चे मॉर्गन ढिगानं आहेत, तीन टांकसाळी मिळून साडेआठ कोटींवर. कोरीवकामही उथळ, मूळचे मुख्य ठसे १९१० मध्ये मोडीत काढले होते, मॉर्गनना उतारवयात ते पुन्हा घडवावे लागले. मीही तो केवळ वजनावर घेतला. मग एकदा मनात आलं: १९०४ मध्ये हा डॉलर पाडणं थांबलं होतं. सतरा वर्षांनी एकाएकी इतके कशाला पाडले?

उत्तर शोधत गेले आणि पोचले ती मुंबईला.

१८७८ पासून अमेरिकेच्या सरकारवर दर महिन्याला ठरावीक चांदी विकत घ्यायची सक्ती होती. नेव्हाडासारख्या खाणवाल्या राज्यांचा तो रेटा. चांदी घेतली की डॉलर पाडायचे. एवढे जड डॉलर खिशात घालून फिरायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ते पोत्यांत भरून तिजोरीत जात आणि बाहेर त्यांच्या बदल्यात कागदी नोटा फिरत. कोट्यवधी नाणी अशीच पडून, काहींना तर पाडल्यापासून माणसाचा हात लागला नव्हता.

इकडे पहिलं महायुद्ध. हिंदुस्थानातून ताग, धान्य, कापूस, कातडी जहाजांनी जात होती आणि त्याचा मोबदला रुपयांत द्यायचा होता. रुपया म्हणजे चांदीचा, एक तोळ्याचा, कलदार. शेतकऱ्याच्या हाती आला की तो मडक्यात, जमिनीत, नाहीतर सोनाराकडे. परत बाजारात यायचा नाही. सरकारजवळची चांदी आटत चालली. नोव्हेंबर १९१७ मध्ये पहिल्यांदा एक रुपयाची कागदी नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची. त्या अडीच रुपयांच्या नोटेचं आपल्याला आज नवल वाटतं, पण ती सुचली ती निकडीतून. लोकांचा कागदावर भरवसा बसेना. १९१८ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला मुंबईत नोटा मोडून रुपये घ्यायला रीघ लागली. नोटेवर तर लिहिलेलं, मागताक्षणी रुपये देऊ. ते देता आले नसते तर काय झालं असतं, या धास्तीनं लंडनपर्यंत तारा गेल्या.

चांदी होती अमेरिकेच्या तिजोरीत. २३ एप्रिल १९१८ रोजी तिथं कायदा झाला. तो आणणारे सिनेटर ‘की’ पिटमन, तेही नेव्हाडाचेच. पस्तीस कोटींपर्यंत डॉलर आटवायची मुभा मिळाली. प्रत्यक्षात २७,०२,३२,७२२ आटवले, आणि त्यातल्या २५,९१,२१,५५४ डॉलरांची चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली गेली. डॉलर मुशीत गेले, लगडी झाल्या, लगडी जहाजात चढल्या, आणि आपल्या टांकसाळींत त्यांचे रुपये झाले. कायद्यात एक अट होती: जेवढे डॉलर आटवाल तेवढे, अमेरिकेतल्या खाणींची चांदी घेऊन, पुन्हा पाडायचे. माझा १९२१ चा ‘डी’ म्हणजे ती परतफेड. मुंबईतल्या रांगेमुळे तो जन्माला आला.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. डॉलरात शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन. रुपयात १६५ ग्रेन. भागून पाहिलं तर बरोब्बर सव्वादोन. एका डॉलरचे सव्वादोन रुपये, ना कणभर कमी ना जास्त. दोन देशांनी दोन वेगळ्या कारणांनी ठरवलेली वजनं, आणि त्यांचं नातं पाढ्यात बसणारं. त्या मापानं पंचवीस कोटी एक्याण्णव लाख डॉलरांचे अठ्ठावन्न कोटींवर रुपये.

हे सगळं समजून घेताना एका वाक्याशी मी थांबले, आणि ते वाक्य अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. आटवताना कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर गेले याची नोंद कुणी ठेवली नाही. किती पाडले याचे आकडे आहेत, शेवटच्या नाण्यापर्यंत. किती उरले ते कुणी सांगू शकत नाही. कार्सन सिटीचे बरेचसे डॉलर तिजोरीत मागे राहिले आणि १९७० च्या दशकात सरकारनं तीसेक लाख डॉलर विकायला काढले तेव्हा त्यांतले बहुतेक ‘सीसी’ निघाले, ही त्यातली सुदैवाची बाजू. बाकीचं मुशीत एकजीव झालं. इतकी वर्षं जपलेली, जाब विचारता यावा म्हणून ठोकलेली ती अक्षरं, एस, ओ, सीसी, सगळी एका लाल रसात.

आमच्या घरात एक रुपया आहे. १९१८ चा, राजा छाप. पणजीनं आजीच्या ओटीत घातलेला, आता कराडला आत्याच्या देवघरात असतो, पितळी डबीत. लक्ष्मीपूजनाला ताम्हनात निघतो, हळदकुंकू लागतं, पुन्हा डबीत जातो. लहानपणी तो हातात घ्यायला मिळावा म्हणून मी आरतीला घंटा वाजवायची. त्या काळच्या रुपयावरही टांकसाळीची खूण असते: मुंबईचा असेल तर मागच्या बाजूला अगदी खाली, कमळाच्या फुलाखाली, एक उठावदार टिंब. कलकत्त्याचा असेल तर नाही. त्या रुपयातली चांदी कुठली होती हे कुणालाही कधीच कळणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तो पडला कुठं, एवढं तरी कळू शकलं असतं. मुंबईची टांकसाळ म्हणजे फोर्टात, रिझर्व्ह बँकेच्या समोर. कॉलेजात असताना तिच्या भिंतीलगत मी कितीदा चालले आहे.

मी आत्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

“आत्या, डबीतला रुपया काढतेस का जरा?”

“आत्ता? अगं, अंघोळ व्हायचीय माझी.” पण गेली, सुनेला सांगून डबी मागवून घेतली. तिनं रुपया फोनसमोर धरला. पडद्यावर नुसता चंदेरी झगझगाट.

“असं नाही. राजाचं तोंड नाही ती बाजू वर कर. आणि खिडकीपाशी जा, उजेड बाजूनं येऊ दे.”

“केली. वन रुपी इंडिया. एकोणीसशे अठरा.”

“आता अगदी खाली बघ. वेलीत एक कमळ आहे.”

“थांब, जवळचा चष्मा घेते.” फोन कुठंतरी टेकवला गेला, मला छत आणि पंखा दिसत राहिला. मग तिचा आवाज आला. “आहे. कमळ आहे.”

“कमळाच्या खाली बघ. एखादा टिपका उठलाय का?”

बराच वेळ काही नाही. ती रुपया फिरवत असणार, उजेडात आणून, पुन्हा बाजूला करून. मला तिचा श्वास ऐकू येत होता, रोखलेला आणि मग सोडलेला.

“काही कळत नाही गं. इथं कुंकू बसलंय. वर्षानुवर्षांचं, दगडासारखं झालंय. नखानं काढू?”

“नको.”

“रांगोळीनं एका मिनिटात लख्ख होईल.”

“नको आत्या. राहू दे तसाच.”

“मग तो मुंबईचा का कलकत्त्याचा, ते तुला कळायचं कसं?”

“नाही कळलं तर नाही कळलं.”

तिनं आणखी एकदा रुपया निरखला असावा. मग म्हणाली, “बरं. ठेवते मग.” आणि डबीचं झाकण लागल्याचा आवाज आला.